सीमेन रिपोर्टमधले शब्द कोणी साध्या मराठीत समजावून सांगेल का? ऑलिगो-अस्थेनो-टेराटो वाचून झोप उडाली आहे

मानेवाडा_रोड

नमस्कार मंडळी. नाव टाकत नाही, समजून घ्या. वय ३१, लग्नाला अडीच वर्षं झाली, मागच्या दीड वर्षापासून बाळासाठी ट्राय करून राहिलो आहोत. बायकोच्या सगळ्या टेस्ट आधी झाल्या, थायरॉइड, सोनोग्राफी, ती ट्यूबची एचएसजी पण, ज्यात तिला इतकं दुखलं की रिक्षात पूर्ण रस्ता माझा हात घट्ट धरून बसली होती, आणि तिचं सगळं नॉर्मल आलं. मग मॅडम म्हणाल्या की आता मिस्टरांचं पण एक सीमेन ॲनालिसिस करून घ्या. केलं. काल संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, मी कंपनीच्या जिन्यात उभा राहून उघडला, खाली जाड अक्षरात लिहिलं होतं ऑलिगोअस्थेनोटेराटोझूस्पर्मिया. एवढा मोठा शब्द पाहून मला वाटलं कॅन्सरच आहे की काय.

आकडे देतो. व्हॉल्यूम २ एमएल, लिक्विफॅक्शन ३० मिनिटं, कॉन्सन्ट्रेशन ११ मिलियन पर एमएल, टोटल मोटिलिटी ३४ टक्के, प्रोग्रेसिव्ह २२ टक्के, मॉर्फोलॉजी नॉर्मल फॉर्म्स २ टक्के, पस सेल्स ३ ते ४. म्हणजे १०० पैकी फक्त २ बरोबर?? सोबत अंडकोषाची सोनोग्राफी पण सांगितली होती, त्यात आहे लेफ्ट ग्रेड टू व्हेरिकोसील आणि राइट एपिडिडायमल सिस्ट. मॅडम बाहेरगावी आहेत, सोमवारी भेटतील. तोपर्यंत मी काय करू.

एका जवळच्या चुलतभावाला रिपोर्ट दाखवला तर तो म्हणाला अबे याचा अर्थ नपुंसक. पण माझ्या संबंधात तर काहीच प्रॉब्लेम नाही, सगळं नीट होते, मग हे कसं? बायकोला अजून दाखवला नाही. ती विचारून राहिली की आला का रिपोर्ट आणि मी सर्व्हर डाऊन आहे सांगितलं. कृपया ज्याला माहीत आहे त्यानेच सांगा.

लॅबमधला_भाऊ

भाऊ, आधी बसा आणि पाणी प्या. मी ११ वर्षांपासून पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, हा शब्द मी स्वतः आठवड्यातून कितीदा टाइप करतो. डॉक्टर नाही, उपचार सांगणार नाही, पण शब्द फोडून नक्की सांगतो कारण हे शब्द दिसतात तेवढे भयानक नाहीत, ग्रीक आहेत म्हणून तसे वाटतात.

ऑलिगो म्हणजे थोडे. अस्थेनो म्हणजे अशक्त, म्हणजे पळण्यात कमजोर. टेराटो म्हणजे बेढब आकाराचे. शेवटचा झूस्पर्मिया हा शुक्राणूंबद्दल आहे. तर तुमच्या रिपोर्टचं मराठी एवढंच की शुक्राणू थोडे कमी आहेत, पळणारे कमी आहेत आणि नीट आकाराचे कमी आहेत. हे तीन आकडे रेषेखाली आले की आम्ही तिन्ही नावं जोडून एक लांब नाव लिहितो. हे आजाराचं नाव नाही बरं का, वर्णन आहे, जसं सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन कमी आलं की ॲनिमिया लिहितात, आता तो ॲनिमिया काहून झाला ते वेगळं शोधावं लागते.

आता ती रेषा कुठून आली हे कोणी सांगत नाही म्हणून लोक घाबरतात. डब्ल्यूएचओचं मॅन्युअल असते, त्याची सहावी आवृत्ती २०२१ मध्ये आली. त्यांनी असे पुरुष घेतले ज्यांच्या बायकोला १२ महिन्यांच्या आत दिवस गेले, म्हणजे बाप झालेलेच, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांवर रेघ मारली. व्हॉल्यूम १.४ एमएल, कॉन्सन्ट्रेशन १६ मिलियन, एका वेळेचे एकूण ३९ मिलियन, मोटिलिटी म्हणजे हलणारे ४२ टक्के, प्रोग्रेसिव्ह म्हणजे सरळ पुढे जाणारे ३० टक्के, आणि मॉर्फोलॉजी म्हणजे नीट आकाराचे ४ टक्के. म्हणजे लक्षात घ्या, १०० बापांपैकी ५ जण या रेघेच्या खाली होते तरी बाप झाले. रेघेच्या खाली म्हणजे शून्य नाही, चान्स कमी आणि वेळ जास्त लागू शकतो एवढंच. तुमचा एकूण आकडा काढा, २ एमएल गुणिले ११ म्हणजे २२ मिलियन. २ कोटी २० लाख झाले ना.

आणि ते २ टक्के वाचून जे पोटात गोळा आला असेल ते मला माहीत आहे, कारण जो तो त्याच ओळीवर अडकते. नॉर्मलची रेघच ४ टक्के आहे. चांगल्या तंदुरुस्त माणसाचे पण १०० पैकी ९०-९५ बेढबच दिसतात, डोकं थोडं लांबट, शेपटी वाकडी, मोजायचा नियम तितका कडक आहे. काही लॅबच्या फॉर्मवर अजून जुन्या रेषा छापलेल्या आहेत, १९९९ च्या आवृत्तीत २० मिलियन होतं, २०१० मध्ये १५ झालं, म्हणून दोन लॅबचे रिपोर्ट बाजूला ठेवले की एकात लो आणि एकात नॉर्मल असं पण होते.

पस सेल्स ३ ते ४ म्हणजे पू झाला असं नाही, ते थोडे असतातच. लिक्विफॅक्शन म्हणजे वीर्य सुरुवातीला जेलीसारखं घट्ट असते आणि मग पातळ होते, ते एका तासाच्या आत व्हायला पाहिजे, तुमचं अर्ध्या तासात झालं, छान आहे.

आता मला दोन गोष्टी सांगा. मागच्या तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का? आणि सॅम्पल लॅबमध्ये दिलं की घरून आणलं?

मानेवाडा_रोड

भाऊ धन्यवाद, खरंच. ताप आला होता. दिवाळीच्या आधी डेंगू झाला होता, पाच दिवस १०३ च्या खाली उतरला नाही, प्लेटलेट ४० हजारावर गेल्या होत्या. त्याला आता सात आठवडे झाले असतील.

सॅम्पल घरून नेलं. लॅबमधली ती बाथरूम रिसेप्शनला लागूनच होती, बाहेर लोक बसलेले, तिथे शक्यच नव्हतं. डबी घेऊन बाइकनं निघालो, धंतोलीला जायचं होतं, अजनी पुलावर कोणाचा तरी ट्रक बंद पडला होता म्हणून जाम. सकाळची थंडी इतकी की हात आखडले होते. पोचायला तास-सव्वा तास लागला असेल. डबी जॅकेटच्या बाहेरच्या खिशात होती. याने फरक पडते का?

लॅबमधला_भाऊ

पडते, दोन्हीनं पडते.

सॅम्पल शक्यतो अर्ध्या तासात, फार तर एका तासात लॅबच्या हातात पाहिजे, आणि रस्त्यात ते फार थंड किंवा फार गरम व्हायला नको. डिसेंबरच्या सकाळी बाइकवर बाहेरच्या खिशात म्हणजे ते गारठलंच, मग ते शुक्राणू पळणार कसे, मोटिलिटी कमी दिसणारच. डबी शर्टाच्या आत अंगाला लागून ठेवायची असते, हे तुम्हाला काउंटरवर सांगायला पाहिजे होतं आणि सांगितलं नाही याचा मला राग येऊन राहिला. अजून एक, सॅम्पलचा पहिला भाग डबीबाहेर गेला तर तेही सांगायचं असते कारण सगळ्यात जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. लाजून लोक सांगत नाहीत आणि रिपोर्ट चुकते. परहेज, म्हणजे सॅम्पलच्या आधी वीर्य न जाऊ देता थांबणं, ते पण २ ते ७ दिवसांचं धरतात, १५ दिवस थांबून दिलं तर काउंट वाढते पण पळणारे घटतात.

आता डेंगू. शुक्राणू एका दिवसात तयार होत नाही, पेशीपासून पूर्ण शुक्राणू व्हायला जवळपास अडीच महिने लागतात, त्यानंतर पण तो एपिडिडायमिस नावाच्या बारीक गुंडाळलेल्या नळीत काही दिवस थांबून पळायला तयार होते. तुम्ही डिसेंबरमध्ये जे दिलं त्याची तयारी ऑक्टोबरमध्ये चालू होती, ऐन १०३ तापात. अंडकोष शरीराच्या बाहेर लटकतात ते याचसाठी की त्यांना शरीरापेक्षा २ ते ४ डिग्री थंड जागा लागते. अंगच तापलं तर तिथलं काम बिघडते आणि त्याचा हिशेब दोन-तीन महिन्यांनी रिपोर्टवर दिसते. म्हणून एका रिपोर्टवर कोणताही शहाणा डॉक्टर शिक्का मारत नाही, दुसरा करायला लावतोच.

वैदर्भी_ताई

भाऊ, मी स्त्रीरोग ओपीडीत सिस्टर आहे, मला तुमच्या चुलतभावाने वापरलेल्या शब्दाबद्दल बोलायचं आहे, कारण याच एका शब्दाने मी घरं मोडताना पाहिली आहेत.

नपुंसकत्व आणि वंध्यत्व हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिलं म्हणजे संबंधासाठी ताठरता न येणं किंवा न टिकणं, डॉक्टर आता त्याला इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणतात, लिहिताना नुसतं ईडी. दुसरं म्हणजे कुठलंही साधन न वापरता एक वर्ष नियमित संबंध ठेवून दिवस न राहणं, ते इन्फर्टिलिटी. ज्याला ईडी आहे त्याचे शुक्राणू एकदम उत्तम असू शकतात, आणि ज्याचा काउंट कमी आहे त्याच्या संबंधात काडीचा फरक नसतो. शुक्राणू हे वीर्याचा फार लहान भाग आहेत, बाकीचा द्रव सेमिनल व्हेसिकल आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो, म्हणून वीर्य पाहून कोणालाच काही कळत नाही, घट्ट-पातळ, पांढरं-पिवळसर यावरून काही ठरत नाही. तुम्हाला काही जाणवलं नाही याचं कारण हेच आहे, जाणवण्यासारखं काही नसतंच.

याच गोंधळातले आणखी दोन शब्द सांगून ठेवते. ॲस्पर्मिया म्हणजे वीर्यच बाहेर न येणं, आणि अझूस्पर्मिया म्हणजे वीर्य आहे पण त्यात शुक्राणू एकही नाही. लोक दोन्हीला निल म्हणतात. अझूस्पर्मियात पण कधी कारखाना चालू असतो आणि फक्त रस्ता बंद असतो, त्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणतात, अशा वेळी थेट अंडकोषातून शुक्राणू काढून इक्सी करतात, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. तुमचं यातलं काहीच नाही.

आणि आता थोडं बोलते, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या मिसेसने एचएसजी सहन केली. जोडप्यांच्या अडचणीत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडचंही काही कारण असतं, तरी आमच्याकडे बाई आधी दोन वर्षं सगळ्या सुया टोचून घेते आणि मिस्टरांची एक साधी टेस्ट सगळ्यात शेवटी होते. वांझ हा शब्द तिच्यासाठी सासरी तयारच असतो. तिला आज रात्रीच रिपोर्ट दाखवा. सर्व्हर डाऊन आहे म्हणून ती काय काय विचार करत असेल याचा अंदाज तुम्हाला नाही.

कामठी_वाला

व्हेरिकोसीलचं मी सांगतो, माझं ऑपरेशन झालं आहे, माझंही डावीकडेच होतं.

पायाला व्हेरिकोज व्हेन्स होतात ना, निळ्या फुगलेल्या नसा, तेच अंडकोषाच्या वर होते. बहुतेक डावीकडेच काहून होते तर डाव्या अंडकोषाची नस वर जाऊन डाव्या किडनीच्या नसेला काटकोनात मिळते, उजवीकडची सरळ मोठ्या नसेत तिरपी मिळते. त्यामुळे डाव्या बाजूला रक्त वर चढायला त्रास, मागे साचते, नसा फुगतात, तिथे गरमी वाढते. मला शॉवर घेताना हाताला गांडुळांची पिशवी असल्यासारखं लागायचं आणि मी सात-आठ वर्षं तसंच ठेवलं, कोणाला बोलायची लाज.

ग्रेडचं असं आहे, डॉक्टर तुम्हाला उभं करतात आणि श्वास कोंडून जोर लावायला सांगतात. जोर लावल्यावरच हाताला लागलं तर ग्रेड वन, जोर न लावता पण लागलं तर टू, नुसतं बघून दिसलं तर थ्री. म्हणजे ग्रेड हे खरं तर हातानं तपासायचं काम आहे, नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावर जाऊ नका. फक्त सोनोग्राफीत दिसते आणि हाताला लागत नाही त्याला सबक्लिनिकल म्हणतात आणि त्याचं ऑपरेशन सहसा करत नाहीत. साध्या पुरुषांमध्ये पण १५ टक्क्यांच्या आसपास लोकांना व्हेरिकोसील असते आणि त्यांना पोरंबाळं होतात. हाताला लागते, रिपोर्ट खराब आहे आणि मूल पाहिजे, हे तिन्ही असेल तर ऑपरेशनचा विचार करतात. माझं मायक्रोस्कोपखाली केलं, दुसऱ्या दिवशी घरी. काउंट लगेच वाढला नाही, सहा महिने लागले, आणि त्या सहा महिन्यांत मी प्रत्येक महिन्याला टेस्ट करून स्वतःचं डोकं खराब करून घेतलं, ते तुम्ही करू नका.

एपिडिडायमल सिस्ट म्हणजे त्या नळीवर पाण्याचा बारीक फोड, बहुतेकांना काही करावं लागत नाही, माझ्या रिपोर्टमध्ये पण होता आणि डॉक्टरांनी त्यावर बोटसुद्धा ठेवलं नाही.

उमरेडकर

याच्याशी जोडूनच विचारतो. आमच्या गावाकडे अंडकोष सुजला की सगळ्यालाच अंडवृद्धी म्हणतात. माझ्या काकांना हायड्रोसील सांगितलं. हे व्हेरिकोसील वेगळं का?

वैदर्भी_ताई

वेगळं. व्हेरिकोसील नसांचं, हायड्रोसील म्हणजे अंडकोषाभोवतीच्या आवरणात पाणी साचणं. अंधारात टॉर्च लावली तर पाण्याची सूज लालसर उजळते, डॉक्टर अशीच बघतात. हर्निया म्हणजे आतडं खाली उतरणं, तो खोकल्यावर फुगतो. आपल्या पूर्व विदर्भात हत्तीरोगामुळे हायड्रोसील होतं, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली सगळीकडे, हत्तीरोग क्युलेक्स डासामुळे पसरतो, म्हणूनच वर्षातून आशाताई घरोघरी त्याच्या गोळ्या खाऊ घालायला येतात, त्या फेकू नका. काकांना सांगा साधं ऑपरेशन आहे, सरकारी दवाखान्यात होतं. फक्त एक लक्षात ठेवा, तरुण मुलाच्या एका अंडकोषात अचानक जोरात दुखलं, ओकारी आली, तर सकाळची वाट पाहू नका, तो टॉर्शन म्हणजे पीळ पडलेला असू शकतो, सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर अंडकोष बहुतेक वेळा वाचतो.

फिटनेस_नागपूर

भाऊ, माझा पण काउंट कमी आला होता. जिममधल्या ट्रेनरनं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सांगितलं आहे, पुरुषांचाच हार्मोन आहे म्हणजे काउंट वाढेलच ना? तुम्ही पण विचारून बघा.

काउंटरवरून

नको!! मी मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट आहे, हात जोडून सांगतो, दोघंही हे करू नका. बाळ पाहिजे असलेल्या माणसानं बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणं म्हणजे उलटंच होते. मेंदूखाली पिट्युटरी ग्रंथी असते, ती एफएसएच आणि एलएच सोडते, हे दोन अंडकोषाला काम करायला सांगतात. बाहेरून इंजेक्शन आलं की मेंदूला वाटते माल भरपूर आहे, तो एफएसएच-एलएच बंद करते, आणि शुक्राणू बनायचं काम थंडावते, कित्येकांचा काउंट शून्यावर येते. बंद केल्यावर परत यायला कित्येक महिने जातात. फिटनेसभाऊ, घेतलं नसेल तर घेऊच नका, घेतलं असेल तर डॉक्टरला लपवू नका.

मूळ प्रश्नवाल्या भाऊला डॉक्टर बहुतेक हीच रक्ततपासणी सांगतील, एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन. एफएसएच बघून घाबरू नका की हा तर बायकांचा हार्मोन, तो दोघांत असतो. एफएसएच खूप जास्त असेल तर अर्थ असा की मेंदू हाका मारून राहिला आणि खालून ओ येत नाही.

आता ताईंनी ईडीचं काढलंच आहे तर काउंटरवरचं सांगतो. रात्री दहानंतर माणूस येते, दुकानात कोणी नसेल तेव्हा, इकडे तिकडे बघून हळूच बोलते, ती निळी गोळी द्या. सिल्डेनाफिल. हे औषध मुळात छातीच्या दुखण्यासाठी शोधत होते, १९९८ मध्ये अमेरिकेत ईडीसाठी मंजूर झालं. ते इच्छा वाढवत नाही, रक्तप्रवाह वाढवते, हे लोकांना माहीत नसते, इच्छा कमी होणं म्हणजे लो लिबिडो, तो वेगळा प्रश्न आहे. आणि लवकर वीर्य जाणं म्हणजे प्रीमॅच्युअर इजॅक्युलेशन, कायम जवळपास एका मिनिटाच्या आत होत असेल आणि त्याचा त्रास होत असेल तेव्हा ते नाव देतात, पाच-सात मिनिटवाले उगाच गोळ्या मागतात.

मी पहिला प्रश्न विचारतो, छातीसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट चालू आहे का. सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट आणि सिल्डेनाफिल एकत्र गेलं तर बीपी एवढं खाली येते की माणूस जागेवर जाऊ शकते. दुसरं, चाळिशीनंतर हळूहळू ईडी सुरू झाली तर गोळीच्या आधी शुगर, बीपी आणि हृदय तपासा. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या, नसांत चरबी साचायला लागली की आधी बारीक नळी तुंबते. कित्येकांना ईडी आधी आणि हार्टचा त्रास काही वर्षांनी येते. तो माणूस गोळी घेऊन अंधारात निघून जाते आणि मला वाटत राहते की याची शुगर कोणी तपासली असेल का.

महालचा_रहिवासी

काउंटरवरच्या भाऊचं वाचून राहवलं नाही. माझं वय ५६. बाविसाव्या वर्षी मला सकाळी लघवीतून पांढरं जायचं, कधी झोपेत कपडे खराब व्हायचे. मित्रांनी सांगितलं धात जाऊन राहिली, हाडं पोकळ होतील. स्टेशनच्या बाजूच्या भिंतीवर गुप्तरोगाची जाहिरात वाचून एका दवाखान्यात गेलो, नाव घेत नाही. त्या माणसानं काचेच्या ग्लासात माझी लघवी उजेडात धरली आणि म्हणाला बघ, तुझं आयुष्य वाहून चाललं. अजून तो ग्लास डोळ्यासमोर आहे. आईनं संत्र्याच्या बगिच्याची मजुरी साठवलेली, ती मी वर्षभर त्या पुड्यांवर घातली आणि लग्नाला तीन वर्षं नाही म्हणत राहिलो.

फार उशिरा एका मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत वीर्य जाणं सगळ्याच तरुणांचं होते, त्याला दोष म्हणायचंच काही कारण नाही. लघवीतला पांढरेपणा कित्येकदा फॉस्फेटचा असते. या भीतीलाच धात सिंड्रोम म्हणतात, डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये हे नाव दिलं. शंभर थेंब रक्ताचं एक थेंब वीर्य होते ही आपल्याकडची जुनी समजूत, ती पोरांच्या डोक्यात बसते आणि मग झोप जाते, भूक जाते, आणि तो अशक्तपणा धातीमुळेच आला असं वाटते.

पन्नाशीत मला खरंच ईडी झाली तेव्हा पुन्हा त्याच भिंतीकडे बघत होतो. मुलगी म्हणाली बाबा आधी शुगर करा. तीन महिन्यांची शुगर ९.२ निघाली, म्हणजे मधुमेह. पोरा, तू रिपोर्ट घेऊन लोकांना विचारलंस, मी बाविसाव्या वर्षी कोणालाच विचारलं नव्हतं.

मानेवाडा_रोड

सगळ्यांना अपडेट देतो. महालच्या काकांचं वाचलं आणि तेव्हाच रिपोर्ट बायकोला दाखवला. ती काही बोलली नाही आधी. मग किराण्याच्या यादीचा पेन घेऊन आली आणि प्रिंटवर प्रत्येक शब्दाच्या बाजूला मराठीत लिहायला लागली, थोडे, अशक्त, बेढब. बेढबवर थांबली आणि म्हणाली ४ टक्क्यांची रेघ आहे ना, मग २ म्हणजे अर्धं तर आहेच. त्यानंतर आम्ही दोघं जेवलो.

सोमवारी मॅडमनी युरॉलॉजिस्टकडे पाठवलं, रामदासपेठेत. त्यांनी कामठीवाल्या भाऊंनी सांगितलं तसंच उभं करून तपासलं, व्हेरिकोसील हाताला लागते म्हणाले पण आज ऑपरेशनचं बोलायचं नाही. डेंगू आणि ती डबीची गोष्ट ऐकून म्हणाले हा रिपोर्ट बाजूला ठेवा, फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा करू. मी कास्टिंगच्या कंपनीत आहे, भट्टीजवळ रोजचे चार तास जातात, तर शक्य असेल तर पाळी बदलून घ्या म्हणाले, सुपरवायझरला अर्ज दिला आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद करायला सांगितला, तो आजपासून बंद. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, काउंटरवरच्या भाऊंनी सांगितल्या त्याच तीन.

लॅबवाल्या भाऊ, शेवटचं विचारतो, टेस्टोस्टेरॉनचं रक्त कामावरून परत येताना संध्याकाळी दिलं तर चालेल का?

लॅबमधला_भाऊ

नाही चालणार. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असते आणि दिवसभर उतरत जाते, संध्याकाळी दिलं तर उगाच कमी दिसेल आणि परत टेन्शन. सकाळी सात ते दहाच्या मधात द्या, उपाशीपोटी, रात्रपाळी करून आलात तर त्या दिवशी नको. कमी आलं तरी एकदा अजून करतात, एकावर जात नाहीत.

आणि फेब्रुवारीत सॅम्पल घरून आणणार असाल तर अजनी पुलाकडून येऊ नका. डबीवर नाव, वेळ आणि किती दिवस परहेज ते लिहा, शर्टाच्या आत ठेवा, वहिनींना मागे बसवून आणा म्हणजे पार्किंग शोधायच्या आधी त्या वर येऊन देऊन जातील.

मानेवाडा_रोड

ती म्हणते डबी तीच धरेल.